भंगार, भांगार आणि मोड

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलं की भंगाराने भरलेले ट्रक दिसू लागतात. कापलेले पत्रे, गंजलेल्या पट्ट्या, सायकलींच्या चौकटी, पंपांचे सांगाडे. हे सगळं इथल्या भट्ट्यांत जातं, त्याचे बिलेट, म्हणजे लांबट ठोकळे, पडतात आणि बिलेटची सळई होते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. एकदा वितळलं की ते कालपर्यंत नांगराचा फाळ होतं की खिडकीचा गज, हे कुणाला सांगता येत नाही. आमच्या गावातल्या कितीतरी घरांची चूल या मोडक्या मालावर पेटते, म्हणून ‘भंगार’ हा शब्द मला कधी हलका वाटला नाही.

शब्दाचं मूळ सरळ आहे. संस्कृतातला भंग, म्हणजे मोडणं, तुटणं. स्वप्नभंग, मूर्तिभंग, शांतताभंग यांत तोच आहे. पण या शब्दाशेजारी, एका कान्याच्या अंतरावर, दुसरा एक शब्द उभा आहे: भांगार. जुन्या मराठीत भांगार म्हणजे सोनं. ज्ञानेश्वरीत तो याच अर्थाने येतो, आणि गोव्यात कोकणी बोलणारा माणूस आजही सोन्याला भांगर म्हणतो. त्याचं मूळ वेगळं, संस्कृतातल्या भृंगाराकडे जाणारं. भृंगार म्हणजे सोन्याची झारी. मराठीने भांगार सोडून दिलं आणि सोनं ठेवलं. व्युत्पत्तीने या दोन शब्दांचं नातं नाही. तरी भंगाराच्या ढिगातून सळई निघताना रोज बघणाऱ्या माणसाला तो एक काना फार मोलाचा वाटतो.

कारखान्यात मात्र आता ‘भंगार’पेक्षा ‘स्क्रॅप’ जास्त ऐकू येतं. स्क्रॅप हा उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द, मूळ अर्थ खरवडून निघालेला तुकडा. त्याच्या जोडीला ‘डॅमेज’ आणि ‘कंडम’. कंडम तर इतका मराठी झाला आहे की तो इंग्रजी ‘कंडेम्ड’चा अवशेष आहे हे सांगावं लागतं. सरकारी तपासणीत निकामी ठरलेली जीप, पंप, इमारत ती कंडम. गंमत अशी की डॅमेज आणि कंडम एकाच घरातले आहेत. दोघांच्या तळाशी ‘डॅम्नम’ हा लॅटिन शब्द आहे, अर्थ नुकसान, दंड. एकाने नुकसान घेतलं, दुसऱ्याने शिक्षा. म्हणून कंडममध्ये निकाल लागल्याचा आवाज आहे: ही वस्तू आता दोषी. सरकारी मराठीत कंडम करण्याला ‘निर्लेखन’ म्हणतात. जुन्या शाळाखोल्यांचं निर्लेखन होतं, म्हणजे त्या दफ्तरातून उतरवल्या जातात. शब्द नेमका आहे, पण मोडकळीला आलेल्या भिंतीसमोर उभं राहून कुणी तो उच्चारत नाही.

इंग्रजी शब्द आले याचं दुःख नाही. भाषा घेत आली आहे आणि घेत राहील. मला खटकतं ते वेगळंच. मोबाइल डॅमेज, पाइप डॅमेज, पीक डॅमेज, गुडघा डॅमेज. काय झालं ते कळतच नाही.

मराठीत काच फुटते, दोरा तुटतो, लाकूड मोडतं, कापड फाटतं, माठाला तडा जातो, भिंत ढासळते, बांध फुटतो, यंत्र बिघडतं, दूध नासतं, भाजी विटते, लाकडाला कीड लागून भुगा होतो, जुनं लुगडं विरतं. क्रियापद ऐकलं की वस्तू कशाची आहे आणि तिला काय झालं, दोन्ही कळतं. विरलेल्या लुगड्याची गोधडी होते, फाटलेल्याला ठिगळ लागतं. म्हणजे पुढे काय करायचं तेही क्रियापदच सांगून जातं. शेतकरी ‘पाइप तडकला’ म्हणाला तर दुकानदार चिकटवायचं बघतो, ‘फुटला’ म्हणाला तर नवा तुकडा कापतो.

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो ‘मोडणे’वर. हिंदीत ‘मोड़’ म्हणजे वळण. जालन्यात मराठी आणि हिंदीच्या नात्यातली दखनी एकाच रिक्षात बसतात. एकाला ‘मोड’वर उतरायचं असतं आणि दुसऱ्याच्या छत्रीची काडी मोडलेली असते. शब्द मुळात एकच, प्राकृतातला. त्यात पिळणं, वाकवणं आणि तोडणं तिन्ही होतं. हिंदीने वाकणं घेतलं, मराठीने तुटणं. मोडी लिपीचं नावही या मोडण्याशी जोडलं जातं. आणि ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपला ताठ बाणा सळईला लागू पडत नाही. चांगली सळई वाकते, मोडत नाही. बांधकामाच्या सळईसाठीच्या भारतीय मानकात, आयएस १७८६ मध्ये, ती वाकवून बघायची चाचणीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्याने पाहिली त्या मराठवाड्याला न वाकता कोसळणाऱ्या दगडमातीच्या भिंती म्हणजे काय हे सांगायला नको.

आपण किती गोष्टी मोडतो बघा. लग्न मोडतं, शब्द मोडतो, संप मोडतो, खोड मोडते. ‘ब्रेकअप’ला आपल्याकडे ‘काडीमोड’ होता. नातं संपलं याची खूण म्हणून काडी मोडायची, तीच सांगणारा हा शब्द. नोट मोडली की हातात मोड येते, म्हणजे सुटे पैसे. जुनी पितळी भांडी मोडीत जातात. मुलीच्या शिक्षणासाठी आई पाटल्या मोडते. आणि मोसंबीची बाग मोडतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात हे वाक्य घराघरांत ऐकलं. वर्षानुवर्षं जपलेली झाडं पाण्याविना वाळली आणि लोकांनी ती स्वतःच्या हाताने उपटून काढली. बाग जळाली म्हटलं की दोष उन्हाचा. ‘बाग मोडली’ म्हणताना शेतकरी क्रिया स्वतःकडे घेतो. त्या दिवसांत पंचनाम्यांत, बातम्यांत आकडे होते, पण झालेलं खरं सांगणारे हे दोनच शब्द होते.

त्याच ‘मोड’ या अक्षरांत दुसरा अर्थही राहतो. भिजवलेल्या मटकीला मोड येतात. दाणा आतून फुटतो आणि पांढरं टोक बाहेर येतं. बियाण्याचं गाव म्हणूनही जालन्याची ओळख आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं आणि भंगार, दोन्ही धंद्यांच्या गावाला ‘मोड’ हा शब्द दोन्ही अर्थांनी लागतो.

नाशाचे फारसी शब्द आपल्याकडे खूप, आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या या भागात ते दफ्तरातही रुजले. बरबाद म्हणजे वाऱ्यावर गेलेलं. जमीनदोस्त म्हणजे जमिनीला मिळालेलं. आणि बेचिराख. आपल्याला त्यात राख ऐकू येते, म्हणून बाँब पडून शहरं बेचिराख होतात असं आपण लिहितो. पण शब्द आहे ‘बे-चिराग’: जिथे दिवा नाही ते. महसुली कागदांत बेचिराख गाव म्हणजे ज्याचं नाव आहे, शिवार आहे, पण जिथे संध्याकाळी एकाही घरात दिवा लागत नाही. याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली आणि त्याच सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. अशा वर्षांनी माणसं गाव सोडून जात. घरं जळायची गरजच नसे.

दिवाळं निघणं यातही दिवाच आहे. सावकार बुडाला की दुकानात ढळढळीत दिवा लावून ठेवायचा आणि निघून जायचा, हा रिवाज मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात नोंदवला आहे. इटलीतल्या सराफाचं मात्र बाक मोडलं; तिथल्या ‘मोडक्या बाका’तून इंग्रजीतला ‘बँकरप्ट’ निघाला. ‘दिवाळं’मध्ये दिवा लागला म्हणजे बुडालं, ‘बेचिराख’मध्ये दिवा विझला म्हणजे उजाड झालं. मराठीने दोन्ही सांभाळले.

आणि काही गोष्टी मोडल्या असं म्हणायचंच नाही. बांगडी फुटली असं माझी आजी कधी म्हणाली नाही, बांगडी ‘वाढवली’. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलं. नारळही फोडायचा नाही, वाढवायचा. अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून भाषेने फुटण्यालाच वाढणं म्हटलं. आजीच्या पिढीला हे शिकवावं लागलं नव्हतं. आता सासरी आलेल्या मुलीला ‘बांगडी वाढवली’ कळत नाही, कारण तिच्या घरी ती ‘ब्रेक’ झालेली असते.

तुमच्या घरात, शिवारात, कारखान्यात मोडण्या-तुटण्याचे असे शब्द असतील. लोहार वेगळा म्हणत असेल, कासार वेगळा, भट्टीवरचा कामगार आणखी वेगळा. थोरल्यांना आजच विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी हातातून काही पडलं तर ‘डॅमेज’ म्हणण्याआधी खाली वाकून बघा: फुटलं, तुटलं, मोडलं, की नुसता तडा गेला?