डोळा, कान आणि हात

विद्यार्थ्यांची वर्गवारी करून शिकवावे की नाही, हा प्रश्न रायपूरला नवा नाही. १८८२ मध्ये जबलपुरास स्थापन झालेले राजकुमार कॉलेज १८९४ मध्ये येथे आले, ते संस्थानिक व जमीनदार यांच्या मुलांसाठी. वर्ग ठरे तो जन्मावरून. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तो मात्र सर्वच मुलांसाठी. प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री, रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल यांची ग्रामीण शाळांसाठीची विद्यामंदिर योजना याच सुमाराची.

पुढे वर्गवारी नव्या वेषात परतली. १९९२ मध्ये न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी पाहून, ऐकून, लिहून-वाचून आणि कृतीने शिकणारे असे चार प्रकार मांडले. शिक्षकवर्गास ते रुचले. २००८ मध्ये चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा मतांचा पुरावा तपासला. त्यांची कसोटी सरळ होती: ज्या पद्धतीने एका प्रकारच्या मुलास अधिक येते, तीच दुसऱ्यास उणी पडली पाहिजे. तसा पुरेसा पुरावा त्यांस आढळला नाही.

मुलांच्या आवडी भिन्न असतात, हे खरेच. परंतु नकाशा पाहावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो, सूत कातावयास चरखा हाती घ्यावाच लागतो. पद्धत ठरवितो तो विषय. आपली मुले बदलीगणिक शाळा बदलतात. एखाद्या शाळेने 'हा हाताचा मुलगा' असा शिक्का मारून त्याच्यापुढील पुस्तक दूर सारले, तर आपण गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते.