निळे ओठ, लाल मणी

वैद्यकाच्या पुस्तकातले रंग कोणाच्या कातडीवरून घेतलेत, असा प्रश्न कधी पडलाय का? पायाच्या शिरांचा आजार घ्या. 1994 साली त्याची 'सीईएपी' वर्गवारी ठरली, ती आज जगभर वापरतात. तिच्या चौथ्या पायरीवर घोट्याजवळची कातडी काळवंडते, टणक होते, इसब येतो. गोऱ्या पायावर हे लांबूनही दिसतं. पण धानाच्या बांधीत आयुष्य काढलेल्या गडचिरोलीच्या बाईच्या सावळ्या पायावर? तिथे लाली जांभळट, नाहीतर नुसतीच थोडी जास्त काळी दिसते. बघणाऱ्याची नजर पुढे सरकते, आणि दिसते ती एकदम जखमच.

ऑक्सिजनचंही तेच. निळे पडलेले ओठ सावळ्या चेहऱ्यावर चटकन कळत नाहीत. बरं, यंत्र तरी निःपक्षपाती? 2020 च्या एका अमेरिकन अभ्यासात पल्स ऑक्सिमीटरने ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवली. (आमच्या भाषेत, टेस्ट डेटाच एकांगी आणि बग थेट प्रॉडक्शनला!)

म्हणून मला गडचिरोलीची गोष्ट आवडते. 1982 मध्ये चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला, आणि 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. डॉक्टर लांब, एक्स-रे त्याहून लांब. श्वासाच्या वेगावरून न्यूमोनिया ओळखता येतो: दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला 60, त्यापुढे 50. पण सुईणींना तिथवर मोजता येईना. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी अशी पाटी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. गावातल्याच माणसांनी आजार ओळखून औषध द्यायचं, या पद्धतीचे आकडे 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. 58 गावांत बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या 44 गावांपेक्षा 54 टक्के कमी होते!

ती पाटी काही रंगाचा प्रश्न सोडवायला केली नव्हती. पण तिने रंग हिशोबातूनच काढून टाकला. शिरांसाठीही तसंच करता येतं. हात लावून बघायचं: कातडी टणक, गरम लागते का, संध्याकाळी सूज येते का. पुढे डुप्लेक्स सोनोग्राफी आहेच. वरच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, की झडप बिघडलेली, कातडी कुठल्याही रंगाची असो. ते मशीन मात्र मण्यांच्या पाटीसारखं पिशवीत टाकून सुईणीला घरोघरी नेता येत नाही.