शिलेदार, बारगीर आणि अहेरी

शस्त्रखरेदीच्या परिभाषेसाठी आमचे सुशिक्षित इंग्रजी कोश चाळतात. परंतु घोडा नि हत्यार कोणाचे, हा तिचा मूळ प्रश्न मराठी लष्कराने दोन शब्दांत मांडून ठेविला आहे. ते स्वतःचे घेऊन येई तो शिलेदार. सरकारी पागेतून ज्यास मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींनी पागा बळकट करून शिलेदार तिच्या हुकमतीत ठेविले. ज्याचा घोडा त्याची मर्जी, हे उघडच आहे.

अहेरीकडील अरण्यात १८५८ साली बाबूराव शेडमाके इंग्रजांवर उठले. त्यांच्या गोंड-रोहिल्यांस कोठली पागा नि कोठले कोठार? घोडा असो वा नसो, आमच्या मते ते सारे शिलेदारच. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी बाबूरावांस धरिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी झाली. त्याच चांद्याजवळ, भद्रावतीस, आज दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे.