देवाची प्रतीक्षा (ख्रिस्ती धर्म)

देवाची प्रतीक्षा ही ख्रिस्ती धर्मातील एक आध्यात्मिक संकल्पना होय. प्रार्थनेचे उत्तर लगेच मिळाले नाही, तरी देवाच्या वचनावर विश्वास ठेवून, आपले कर्तव्य न सोडता धीराने वाट पाहणे, असा तिचा अर्थ आहे. ती केवळ काळ कंठणे नव्हे, तसेच दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसणेही नव्हे. तिचे मूळ ज्यू धर्मग्रंथांत असून ख्रिस्ती उपासना, प्रार्थना आणि साहित्य यांत तिला महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या चरित्रांतून या संकल्पनेचे प्रत्यक्ष रूप पाहावयास मिळते.

संज्ञा आणि अर्थ

जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेत वाट पाहणे आणि आशा धरणे या दोन क्रिया बहुधा एकाच शब्दाने व्यक्त होतात. आशा या अर्थाचा ‘तिक्वा’ हा हिब्रू शब्द यहोशवाच्या पुस्तकात राहाब हिच्या खिडकीला बांधलेल्या तांबड्या दोरीसाठीही वापरलेला आहे. नव्या करारातील ‘हुपोमोने’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘भाराखाली टिकून राहणे’ असा आहे. त्यामुळे मराठीत या संकल्पनेसाठी प्रतीक्षा, आशा, धीर, सहनशीलता असे निरनिराळे शब्द प्रसंगानुसार योजावे लागतात.

बायबलमधील आधार

स्तोत्रसंहितेतील २७, ४० व १३० ही स्तोत्रे या विषयावरील प्रमुख स्तोत्रे मानली जातात. १३० व्या स्तोत्रात भक्ताच्या उत्कंठेची तुलना पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याशी केली आहे. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही, पण ती होणार याविषयी त्याच्या मनात शंका नसते. शिवाय तोवर त्याला जागेच राहावे लागते. यशयाच्या ४० व्या अध्यायात प्रतीक्षा करणाऱ्यांना नवे बळ मिळते, असे आश्वासन आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहाम वयाच्या ७५ व्या वर्षी देवाच्या आज्ञेने आपला प्रदेश सोडतो. त्याला वचन दिलेला पुत्र इसहाक त्याच्या वयाच्या १०० व्या वर्षी जन्मतो. मधल्या काळात अधीर होऊन सारेच्या सांगण्यावरून तो हागार या दासीपासून पुत्र मिळवतो आणि त्यातून कुटुंबात कलह माजतो. योसेफ १७ वर्षांचा असताना घडलेल्या घटनांतून गुलाम म्हणून विकला जातो आणि ३० व्या वर्षी फारोसमोर उभा राहतो. याउलट शौल राजा गिलगाल येथे शमुवेलाची सात दिवस वाट पाहतो, परंतु सैन्य पांगू लागल्याचे पाहून स्वतःच होमार्पण करतो. त्याची ही अधीरता त्याच्या राज्याच्या ऱ्हासाचे कारण ठरते, असे ग्रंथकार सांगतो.

नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानातील शिमोन आणि हन्ना ही वृद्ध माणसे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांची उदाहरणे आहेत. पुनरुत्थित येशू शिष्यांना यरुशलेम न सोडता पवित्र आत्म्याची वाट पाहण्यास सांगतो, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात म्हटले आहे.

याकोबाच्या पत्रात पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा दृष्टान्त आहे. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेरणीच्या वेळी येतो. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये पीक भरण्याच्या वेळी येतो. कोकणातील शेतकरी मृगाची वाट पाहतो ती ज्येष्ठात, म्हणून ऋतुमान वेगळे. तथापि दृष्टान्ताचा आशय दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नसते, पण पावसाआधी जमिनीची मशागत करून ठेवणे हे त्याचेच काम असते.

उपासनेतील स्थान

पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत उपासनावर्षाचा आरंभच प्रतीक्षेने होतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या कालावधीस आगमनकाळ म्हणतात. या काळात ख्रिस्तजन्माच्या स्मरणाबरोबरच त्याच्या पुनरागमनाचीही वाट पाहिली जाते. अनेक चर्चमध्ये दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या क्रमाने पेटवण्याची प्रथा आहे. शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांमधील शनिवार हाही मूक प्रतीक्षेचा दिवस मानला जातो. क्वेकर पंथाच्या पारंपरिक उपासनेत ठरीव प्रार्थना नसतात. उपासक एकत्र शांत बसून देवाच्या प्रेरणेची वाट पाहतात.

मराठी ख्रिस्ती परंपरा

गोव्यातील जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाची (१६१६) रचना वचन आणि पूर्ती या क्रमाने झाली आहे. या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या करारातील कथा आणि दुसऱ्या भागात येशूचे चरित्र येते. त्यामुळे पहिला भाग तारणाऱ्याच्या प्रतीक्षेची कथा म्हणूनही वाचता येतो.

पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि आपल्याला ख्रिस्ताचा खरा अनुभव त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर पैशांसाठी माणसांकडे याचना न करता केवळ प्रार्थना करीत. त्यांच्या चरित्राचा रमाबाईंवर प्रभाव पडला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला आणि त्यातून केडगाव येथील मुक्ती सदनाचे कार्य वाढले. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी तेथे आध्यात्मिक जागृतीसाठी नित्य प्रार्थना सुरू केली. जूनअखेरीस संस्थेत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मधल्या महिन्यांत संस्थेतील शिक्षण, शेती व उद्योग थांबलेले नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात अनेक वर्षे त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे-ओवळे पाळले. जातिभेदाविषयीचे त्यांचे विचार हळूहळू बदलले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वर्णिला आहे. १९१९ साली टिळकांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपूर्ण होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

लक्ष्मीबाईंच्या उदाहरणातून या संकल्पनेची दुसरी बाजूही दिसते. पतीच्या धर्मांतराचा निर्णय त्यांचा नव्हता; विरहाची आणि लोकनिंदेची झळ मात्र त्यांना सोसावी लागली. प्रतीक्षा एकाची असली तरी तिचा भार कित्येकदा दुसऱ्यावर पडतो.

टीका आणि मर्यादा

धीर धरण्याचा उपदेश अन्याय सोसणाऱ्यांना गप्प बसवण्यासाठी वापरला जातो, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना ‘थांबा’ असे सांगणाऱ्या धर्मोपदेशकांना मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले. किंग स्वतः पाळक होते, हे येथे लक्षणीय आहे. दीर्घकाळ लांबवलेला न्याय हा न्यायाचा नकारच ठरतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

बायबलमध्येही या धोक्याची जाणीव आढळते. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले या समजुतीशी थेस्सलनीका येथील काहींच्या आळसाचा संबंध अनेक भाष्यकार जोडतात. पौलाच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात त्या लोकांना काम करून स्वतःची भाकर खाण्याची ताकीद दिली आहे. म्हणून जे देवाच्या हाती आहे त्याची प्रतीक्षा आणि जे माणसाच्या हाती आहे त्याची टाळाटाळ, या दोहोंत ख्रिस्ती विचारवंत भेद करतात. दुष्काळात मुलींना आश्रय देण्यासाठी रमाबाई थांबल्या नाहीत. मनांतील जागृतीसाठी मात्र त्यांनी वाट पाहिली.