राष्ट्रपतिपदाची पारख : अमरावतीच्या सुनेची उमेदवारी

वऱ्हाडच्या अलीकडील इतिहासात २००७ सालच्या जून-जुलै महिन्यांना वेगळे स्थान आहे. १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधित्व केलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचे नाव तेव्हा राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले. जन्माने त्या खानदेशच्या, जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या. परंतु १९६५ मध्ये अमरावतीचे प्रा. देवीसिंह शेखावत यांच्याशी विवाह झाल्यापासून वऱ्हाडाने त्यांना आपली सून मानले. उमेदवार घरचा असला की पारख अवघड होते. म्हणून त्या उमेदवारीच्या दोन्ही बाजू आज शांत चित्ताने तपासणे आम्हांला आवश्यक वाटते.

पवित्र शास्त्रात अशा पारखीचा धडा आहे. निर्गमाच्या पुस्तकात मोशेचा सासरा इथ्रो त्याला अधिकारी निवडण्याचा सल्ला देतो, तेव्हा तो कुळ वा गाव विचारत नाही. कर्तबगारी, देवाचे भय, सचोटी आणि लाचेचा तिटकारा एवढेच तो पाहावयास सांगतो. हीच कसोटी आपण येथे लावू.

कर्तबगारीच्या पारड्यात बरेच काही होते. १९६२ मध्ये जळगावमधून त्या प्रथम विधानसभेवर निवडून आल्या आणि पुढे १९६७ ते १९८५ या काळात एदलाबादचे प्रतिनिधित्व त्यांनी केले. राज्याच्या मंत्रिपदाची अनेक खाती, विरोधी पक्षनेतेपद, १९८६ ते १९८८ या काळात राज्यसभेचे उपसभापतिपद आणि २००४ पासून राजस्थानचे राज्यपालपद असा तो दीर्घ प्रवास होता. स्वतंत्र भारताच्या साठ वर्षांत एकही स्त्री राष्ट्रपती झाली नव्हती, हेही त्या पारड्यात होते.

दुसरे पारडेही रिकामे नव्हते. त्यांच्या पुढाकाराने जळगावात उभ्या राहिलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. त्यावरून आरोप झाले, ते त्यांनी नाकारले. जून २००७ मध्ये उदयपूर येथे पडदापद्धतीचा संबंध त्यांनी मोगलांच्या आक्रमणाशी जोडला, तेव्हा इतिहासकारांनी आणि मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला. अन्य नावांवर एकमत न झाल्याने त्यांचे नाव पुढे आले आणि पक्षनिष्ठा हीच त्यांची मोठी पात्रता ठरली, असेही टीकाकार म्हणत.

प्रतिस्पर्धी श्री. भैरोसिंह शेखावत हेही सामान्य उमेदवार नव्हते. ते तेव्हा उपराष्ट्रपती होते आणि तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री झाले होते. १९७७ नंतर अत्यंत गरीब कुटुंबांसाठी त्यांनी अंत्योदय योजना राबविली. १९८७ मध्ये देवराळा येथील सतीच्या घटनेनंतर स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून त्यांनी त्या प्रथेला विरोध केला. त्यांचा पक्ष आपल्याला रुचो वा न रुचो, हे धैर्य त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे.

आता आपल्या समाजाला जवळचा असलेला मुद्दा. २००६ मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. राज्यपाल प्रतिभाताईंनी त्यावर स्वाक्षरी न करता ते परत पाठविले. संविधानाच्या २५ व्या कलमाचा आधार मानणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट मोलाची वाटणे स्वाभाविक होते. तथापि केवळ तिच्यावर भिस्त ठेवणे आम्हांला अपुरे वाटते. त्या वेळी राजस्थानात एका पक्षाचे सरकार होते आणि केंद्रात प्रतिभाताईंच्या पक्षाचे. विरोधकांचे विधेयक अडविण्यास धैर्य लागत नाही असे नव्हे. परंतु स्वातंत्र्याची खरी परीक्षा आपल्याच माणसांनी कागद पुढे ठेवला की होते. शिवाय आपल्या हिताचे जे, तेवढेच न्याय्य मानू लागलो, तर इतरांनी तसे केल्यास तक्रार करण्याचा आपला अधिकार उरत नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जी शिकवण दिली, तिच्यातही मताधिकाराचा वापर सर्वांच्या कल्याणासाठी करण्याचा आग्रह आहे.

राष्ट्रपतीच्या स्वाक्षरीचे मोल इतिहासाने दाखविले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली आणि देशातील नागरिकांचे हक्क गोठले. याउलट १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठविली, आणि सरकारने ती सोडून दिली. २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाविषयीचे विधेयक परत केले. संसदेने ते पुन्हा संमत केल्यावर त्यांना स्वाक्षरी करावी लागली. तरीही देशाला विचार करण्यास अवधी मिळाला. असा अवधी मिळवून देणारा हात कोणाचा, हा उमेदवाराविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

१९ जुलै २००७ रोजी मतदान झाले. मराठी व्यक्तीच्या नावाने शिवसेनेनेही आघाडी सोडून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. त्यांच्या मतांचे मूल्य ६,३८,११६ भरले, तर शेखावतांचे ३,३१,३०६. २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली आणि देशाला पहिली स्त्री राष्ट्रपती लाभली. पुढील पाच वर्षांत अनेक दयेचे अर्ज मान्य करून त्यांनी फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्यावर टीकाही झाली. जीवनाचे पावित्र्य मानणाऱ्या आम्हांला मात्र ती बाजू जमेची वाटते.

या निवडणुकीत आपण मत देत नाही, मग पारख कशाला, असे अमरावती-अकोल्याच्या धर्मग्रामांतील कुटुंबे विचारतील. परंतु महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले गेले होते, आणि तो आमदार आपणच निवडतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, मतदानही गुप्त असते. सदसद्विवेकाला विचारून मत देण्याची मोकळीक आमदाराला कायद्याने दिली आहे. ती वापरण्याइतका विवेक त्याच्या ठायी आहे का, हे विधानसभेच्या मतदानाला जाताना आपण पाहावयास हवे. इथ्रोची कसोटी सर्वप्रथम तेथे लागू होते. उमेदवार आपल्या गावचा, आपल्या भाषेचा वा आपल्या श्रद्धेला अनुकूल आहे, हे जरूर लक्षात घ्यावे. पण शेवटी त्याची सचोटी आणि स्वतःच्या माणसांनाही नकार देण्याची ताकद पाहूनच मत द्यावे, असे आमचे सर्व कुटुंबांना सांगणे आहे.