दोन सवलती



ख्रिस्ती मनुष्य दारूविषयी बोलावयास उभा राहिला की ऐकणाऱ्यांच्या ओठांवर थोडे हसू येते. त्याचा मी राग मानीत नाही. त्या हसण्याला इतिहास आहे. आपल्या सिद्धेश्वरपासून हिंगोली काही फार लांब नाही. तेथे १९०३ सालापर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या मुलखातल्या खेडुताने पहिला ख्रिस्ती पाहिला तो बहुधा पाद्री नव्हे, पलटणीतला साहेब. साहेबाचा प्याला आणि साहेबाचा धर्म लोकांनी एकाच गाठोड्यात बांधला आणि पुढे आमच्यापैकी कोणी बाप्तिस्मा घेतला की ते गाठोडे त्याच्याही डोक्यावर चढले.

पण ही समजूत छावणीपेक्षा जुनी असावी. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या दप्तरावर जो निबंध लिहिला, त्यात पेशवाईतील दारूबंदीची हकीकत आहे. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामगार यांना सक्त मनाई होती. भंडारी, कोळी यांच्यासाठी नियम सैल केला होता. आणि तोफखान्यात चाकरीस असलेल्या फिरंग्यांना आपल्यापुरती भट्टी लावण्याची मुभा होती; मात्र विक्री करावयाची नाही. तोफ डागणारा माणूस राज्याला हवा होता, म्हणून त्याची सवय राज्याने सोसली. ख्रिस्ती माणसाला मिळालेली ही एक सवलत.

दुसरी सवलत १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातली. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला त्यात परवानगी ठेवली आहे. हा कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो. (परवान्याच्या चिठ्ठीवर इतरांचीही सोय केव्हाच झाली, तो भाग वेगळा.) कॅथलिकांच्या मिस्सेला खरा द्राक्षारसच लागतो. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या न आंबलेला रस वापरतात. थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८६९ साली रस तापवून टिकविण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनासाठीच. म्हणजे ही सवलत एका घोटाची आहे, आणि तोही उपासनेतला. पहिली सवयीला दिलेली होती, दुसरी श्रद्धेला. लोक मात्र दोन्ही एकच समजतात. खेदाची गोष्ट अशी की, आमच्यातलेही काही जण तसेच समजतात.

दारूला शिवणे हेच पाप, असे मला शास्त्रातून काढता येत नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा घेण्यास सांगितले. पण झिंगण्याचा निषेध त्याच पौलाने केला, आणि आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न पिणेच बरे, असेही त्यानेच सांगितले. माझ्या मते सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. बाटलीत काय आहे ते नंतर पाहू. आधी पंक्तीला कोण बसले आहे ते पाहावे.

ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनी हे पाहिले नाही. गुत्त्यांचे लिलाव झाले, अबकारीचा पैसा तिजोरीत पडला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली. १८३२ साली गुत्स्लाफ नावाचा मिशनरी जार्डिनच्या अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणून चीनच्या किनाऱ्याने फिरला. एका हाताने धर्मपुस्तके वाटली जात होती आणि त्याच जहाजातून अफू उतरत होती. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे.

त्याविरुद्ध उठलेही ख्रिस्तीच, हेही खरे. अफूच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडात १८७४ साली क्वेकरांच्या पुढाकाराने संस्था निघाली. १८८९ साली सॅम्युएल स्मिथ आणि बॅप्टिस्ट पंथाचे केन यांच्या खटपटीने पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात येथल्या अबकारी पद्धतीचा निषेध करणारा ठराव झाला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले. त्यात तेथील स्त्रियांच्या मद्यनिषेधक संघाची हकीकत मराठी वाचकांनी वाचली. १८९३ साली अफूच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याने १८९५ साली निकाल दिला तो बव्हंशी सरकारच्या सोयीचा!

हा सगळा इतिहास मला ठाऊक होता; तरीही मी चुकलो. काही वर्षांपूर्वी नाताळात आमच्या घरी द्राक्षारस केला होता, पाहुण्यांना वाटीभर द्यावा म्हणून. मंडळीतले एक गृहस्थ आले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली होती, आणि ती सोडताना मीच त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसलो होतो. गडबडीत वाटी त्यांच्याही पुढे गेली. माझ्या घरची म्हणून त्यांनी ती नाकारली नाही. महिन्याभरात ते पुन्हा गुत्त्यावर दिसू लागले. त्यांच्या पत्नीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. ती दर रविवारी उपासनेला येते, एकटीच.