ओसाड वस्तीतला ताल

एखाद्या कलेची जन्मतिथी सांगता यावी, असे इतिहासात क्वचितच घडते. लावणीचा पहिला ठेका कोणी धरला, हे कोणासही सांगता येणार नाही. हिप-हॉपची गोष्ट निराळी आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिचा जन्म झाला असे मानतात. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून सिंडी कँपबेल या मुलीने तेथे नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. प्रवेशमूल्य मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे काम तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याने पत्करले. पुढे ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्धीस आला तो हाच.

परंतु तिथीवरून जन्म कळतो, जन्माचे कारण कळत नाही. ते त्या वस्तीच्या दैन्यात शोधावे लागते. १९४८ पासून ब्राँक्सची छाती चिरीत एक मोठा महामार्ग काढण्यात आला. ईस्ट ट्रीमाँट भागातील अवघ्या एका मैलासाठी सुमारे १,५०० कुटुंबे उठविली गेली. ज्यांना परवडले ते वस्ती सोडून गेले. मागे राहिले ते बहुतांशी निर्धन कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे लोक. घरांना किंमत उरली नाही, तेव्हा कित्येक मालकांनी विम्याच्या लोभाने स्वतःच्याच इमारतींना आगी लावविल्या. तरुणांच्या टोळ्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. १९७१ साली तंटा मिटविण्यास गेलेल्या एका तरुणाची हत्या झाली. त्यानंतर सूडाऐवजी टोळ्यांनी सभा भरवून तह केला. भांडणे समूळ मिटली नाहीत; पण एका गल्लीतील मुलाला दुसऱ्या गल्लीतील नाच पाहावयास जाणे काहीसे सुकर झाले.

क्लाइव्ह हा १९६७ साली जमैकातील किंग्स्टनहून आलेला. उघड्यावर प्रचंड ध्वनिवर्धक मांडून लोकांना नाचविण्याची रीत त्याने तेथे पाहिली होती. गाणे थांबून केवळ तालवाद्ये घुमू लागली की नाचणाऱ्यांना खरा चेव येतो, हे त्याने हेरले. तो भाग काही क्षणांचाच असे. म्हणून त्याने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ताल संपताच दुसरीवर तोच पुन्हा सुरू करावयाचा. क्षणाचा ताल अखंड झाला. मूळच्या बार्बाडोसच्या ग्रँडमास्टर फ्लॅशने ही युक्ती शास्त्रशुद्ध केली. त्या तालावर नर्तक जमिनीवर गिरक्या घेऊ लागले आणि निवेदकांची यमकबद्ध बोलणी वाढत जाऊन ‘रॅप’ झाले. कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या शब्दांच्या झुंजीतली ईर्षा निराळी सांगावयास नको.

तरुण कलावंतांना या कलेची ओढ का लागते, याचे उत्तर येथेच आहे. येथे वाद्य लागत नाही, गुरूची अनुज्ञा लागत नाही. दुसऱ्याने वाजविलेला ताल आणि स्वतःची जीभ पुरते. ज्याला शहराने मोजलेच नाही, तो येथे स्वतःचे नाव स्वतः ठेवतो आणि ते चारचौघांत गाजवितो.

१९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका गाजली आणि या कलेला बाजार लाभला. पण ती गाणारे न्यू जर्सीत जमविलेले तरुण होते, आरंभीचे मानकरी बाजूलाच राहिले. १९८२ च्या ‘द मेसेज’ने वस्तीचे दुःखच गाण्याचा विषय केले. तेच बीज दूरवर रुजले: २०१५ साली मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या तरुणांनी ‘मेरे गली में’ गाऊन स्वतःच्या गल्लीची ओळख करून दिली. २०१८ साली केंड्रिक लमार यांच्या गीतसंग्रहास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील त्या इमारतीस २००७ साली न्यूयॉर्क राज्याने हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास तेथील भाडेकरू, भाडी आपल्या आवाक्यात राहावीत म्हणून झगडत होते, आणि कूल हर्क त्यांच्या बाजूने उभा होता. कलेला मान मिळाला. ती जेथे जन्मली तेथल्या माणसांना मात्र छपरासाठी झगडणे चुकले नाही.